पातोच्का, हावेल, मासारिक : बारकाईने वाचताना या चुका टाळा

चेक तत्त्वज्ञानाकडे वळणारे बरेच जण मजकुराआधी चरित्र वाचतात आणि तिथेच फसतात. यान पातोच्का यांचं चरित्र आहेच तसं. जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झालेल्या चार्टर ७७ चे, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारकडे मानवी हक्क मागणाऱ्या जाहीरनाम्याचे, ते प्रवक्ते. पोलिसांच्या चौकशीचा ससेमिरा लागला आणि मार्चमध्ये ते गेले. एवढं कळलं की त्यांच्या 'इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरील पाखंडी निबंधां'चं प्रत्येक पान हुतात्म्याचं मृत्युपत्र वाटू लागतं. पण हे निबंध १९७५ मध्येच टंकलिखित प्रतींतून फिरू लागले होते. 'हादरलेल्यांची एकजूट', म्हणजे ज्यांचं जगणं मुळापासून हादरलं अशांची एकजूट, ही त्यातली गाजलेली कल्पना सहाव्या, शेवटच्या निबंधात येते. तिची मुळं पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत आहेत. चार्टरचं बीज तिथे शोधायचं तर आधी हे खंदक नीट वाचायला हवेत.

खरी अडचण याच निबंधात आहे. दिवस, जीवन, शांतता म्हणजे चांगलं आणि रात्र म्हणजे वाईट, असं आपण धरून चालतो. पातोच्का मात्र दाखवतात, की लाखोंना मरणाच्या तोंडी देणारं युद्ध दिवसाच्याच नावाने, उद्याच्या शांततेसाठी आणि प्रगतीसाठी चालवलं जातं. रात्रीबद्दल ते ज्या आदराने लिहितात, त्यावरून काहींना हे युद्धाचं गुणगान वाटतं. तुम्हालाही तसं वाटलं, तर थांबा आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात लिहा : हे कोण बोलतंय? जर्मन लेखक एर्न्स्ट युंगर आणि फ्रेंच धर्मगुरू व विचारवंत तेयार द शार्दां, पहिल्या महायुद्धात परस्परविरोधी सैन्यांत असलेले दोघे. त्यांचा आघाडीवरचा अनुभव पातोच्का आधी मांडतात, मग त्याच्या पुढे जातात. दुसऱ्याची मांडणी कुठे संपते आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं कुठे सुरू होतं, हे कळलं की निम्मा गुंता सुटतो. उरलेल्या निम्म्यावर वाद घालायला भरपूर जागा आहे.

'प्लेटो आणि युरोप' वाचताना नेमकी उलटी काळजी घ्या. ही १९७३ मधली खासगी व्याख्यानं आहेत. बोलताना माणूस तेच दोनदा सांगतो, भरकटतो, परत येतो. तिथे शब्दन् शब्द सोलत बसलात, तर 'आत्म्याची काळजी' हा मुख्य धागाच निसटेल.

नाटककार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वाक्लाव हावेल यांचा भाजीवाला सगळ्यांना माहीत असतो, आणि तीच पंचाईत. 'सत्ताहीनांची सत्ता' हा १९७८ चा निबंध पातोच्का यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. त्यातला दुकानदार कांदे-गाजरांत 'जगातील कामगारांनो, एक व्हा' अशी पाटी लावतो. सुरुवातीची पानं वाचून त्याला 'बिचारा' ठरवू नका. पुढे हावेल दाखवतात, की पाटी लावून तोही व्यवस्था टिकवतो. बळी आणि आधार यांच्यातली रेघ ते प्रत्येक माणसाच्या आतूनच काढतात.

पुढे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले तत्त्वज्ञ तोमाश मासारिक यांचं १८९५ चं 'चेक प्रश्न' इतिहासाचं पुस्तक म्हणून तपासू नका. चेक बंधुसंघ या जुन्या धर्मसुधारक पंथापासून चेक भाषा-संस्कृतीच्या राष्ट्रीय पुनरुत्थानापर्यंत ते मानवतेच्या आदर्शाचा एकच धागा ओढतात. इतिहासकार योसेफ पेकार्झ यांनी तो मान्य केला नाही. हा आक्षेप वाचाच. मग मूळ पुस्तकाकडे परत या आणि पाहा, की त्या धाग्याच्या जोरावर मासारिक आपल्या काळातल्या चेकांना नेमकं काय करायला सांगताहेत.