डिसेंबरात ऑर्गनवर बसायचं असेल तर

पुण्यात कुणाला ‘मी ऑर्गन वाजवते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘नाटकात का?’ विचारणाऱ्याचं चुकत नाही. मराठी माणसाच्या कानात ऑर्गन बसलाय तो संगीत नाटकांमुळे, बालगंधर्वांच्या गाण्यामागे भरून राहणारा. मी वाजवते ती चर्चमध्ये, पण वाद्याची जात तीच. पायाने भाता मारायचा, आत पितळी सूर, समोर ओढायच्या खुंट्या, ज्यांनी सुरांचे संच उघडतात आणि बंद होतात. जुने लोक तिला सरळ पायपेटी म्हणतात. नगरला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मी सोळाव्या वर्षी या पेटीवर बसले, कारण आमच्या मास्तरांचं मनगट मोडलं आणि दुसरं कुणी नव्हतं. त्याला आता बावीस वर्षं झाली. दर वर्षी ऑक्टोबरात एखादी मुलगी किंवा मुलगा विचारतो, ‘ताई, नाताळात वाजवायला जमेल का मला?’ त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आलेय, ते इथे एका जागी लिहिते.

आधी हिशोब करा. नाताळ म्हणजे पंचवीस तारीख हे बाकीच्यांसाठी. ऑर्गनवाल्याचा नाताळ आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ) पहिल्या रविवारी सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीतरी. आगमनाचे चार रविवार, एक कॅरलची (नाताळगीतांची) संध्याकाळ, चोवीसची रात्र, पंचवीसची सकाळ, एकतीसची वर्षअखेरची उपासना आणि एक जानेवारी. झाल्या नऊ. त्यात नाताळनंतरचा रविवार वेगळा पडला तर दहा. शिवाय दर आठवड्याला गायनमंडळाच्या दोन तालमी आणि घरोघरच्या कॅरलच्या रात्री. एवढं सगळं नोकरी किंवा परीक्षा सांभाळून. गीतं डिसेंबरात बसवायला घेतलीत तर गेलात. सप्टेंबरात पाळकसाहेबांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडून, यादी मागून घ्या. ते म्हणतील ‘अजून वेळ आहे’. हसून पुन्हा मागा.

मिशनच्या काळातल्या या पेट्या आता थोड्याच चर्चमध्ये वाजत्या आहेत. बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आलाय. खरा पाइप ऑर्गन बघायचा असेल तर मुंबईला फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जा. १७१८ साली सुरू झालेलं ते चर्च आहे, आणि तिथल्या नळ्या बघितल्या की आपली पेटी माचिसच्या डबीएवढी वाटते. पण पाइप ऑर्गनवर हात ठेवायला मिळणं हा नशिबाचा भाग. तुमची सुरुवात कीबोर्डवर किंवा पायपेटीवरच होणार, आणि त्यात कमीपणा काही नाही. पियानोची चौथी-पाचवी ग्रेड झाली असेल तर वाचनाचं निम्मं काम झालंय. पियानोवाल्यांना एक सवय मात्र मोडावी लागते. पियानोचा सूर पेडल दाबलेलं असलं की सोडल्यावरही मागे रेंगाळतो, ऑर्गनचा बोट उचललं की मेला. म्हणून सूर सुटू न देता त्याच पट्टीवर बोट बदलायला शिका: तिसरं दाबलेलं असतानाच पाचवं सरकवायचं आणि तिसरं मोकळं करायचं. हे महिनाभर रोज दहा मिनिटं केलंत की हात आपोआप करायला लागतो.

आणि पाय. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढून आत यायचं, त्यामुळे मी आयुष्यभर मोज्यांनीच भाता मारलाय. नवखा माणूस गाणं मोठं झालं की जोरात मारतो. तोवर उशीर झालेला असतो. मोठी ओळ यायच्या आधीच दोन पावलं जास्त घालून ठेवायची. आणि प्रार्थनेच्या वेळी पाय हलवायचे नाहीत. आमच्या पेटीचं डावं पाऊल करकरतं, ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

आता सुराबद्दल, कारण नाताळात खरी भांडणं इथेच होतात. छापील कॅरल बघा, वरचा सूर बरेचदा वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनवर जातो. (पट्ट्या अशा मोजतात: पांढरी एक म्हणजे इंग्रजीतला सी, तिथून तिसरी पांढरी ती पांढरी तीन; काळ्यांचंही तसंच.) गायनमंडळाला जमतं. पण चोवीसच्या रात्री चर्चमध्ये जी माणसं येतात, त्यातली निम्मी वर्षातून एकदा गातात. त्यांच्यासाठी अर्धा किंवा एक सूर खाली उतरवा. कीबोर्डवर त्यासाठी बटण असतं. पायपेटीवर नसतं, तिथे डोक्यातच उतरवून वाजवावं लागतं. पण थांबा, बटण दाबायच्या आधी तबलजीकडे बघा.

हे कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. आमची उपासना दोन पायांवर चालते. एक पाय विलायती चालींचा. दुसरा पद-भजन-अभंगांचा, ज्याला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बळ दिलं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले आणि कीर्तन-भजन त्यांनी ख्रिस्ती मंडळीत आणलं. त्यामुळे एकाच उपासनेत मी चार सुरांचे कॉर्ड वाजवते आणि लगेच पुढच्या गीताला डावा हात बाजूला ठेवून नुसती चाल धरते, कारण भजनावर कॉर्ड टाकले की ते चहात मीठ पडल्यासारखं होतं. भजनाला तबला असतो, झांजा असतात. आणि तबला एका सुरात लावलेला असतो. तुम्ही बटण दाबून काळी एकवरून पांढरी एकवर आलात की तो बिचारा हातोडी घेऊन गट्ठे ठोकत बसतो, आणि मंडळी वाट बघत खोकत बसते. म्हणून तालमीलाच तबलजीला विचारा, ‘तुमचा तबला कशात आहे?’ आणि गीतांचा क्रम असा लावा की सूर कमीत कमी वेळा बदलेल. आमच्या तबलजीकाकांचा दाया पांढरी एकचा. मी देशी गीतं एक तर पांढरी एकमध्ये घेते, नाहीतर पांढरी चारमध्ये. पांढरी चारला षड्ज धरला की पांढरी एक पंचम होते, तबला तसाच शोभतो. पहिली दोन वर्षं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काका गुपचूप ठोकत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी म्हणाले, ‘बाई, तू गळ्याकडे बघतेस, माझ्या हाताकडे पण बघ की.’

विलायती चालीवर मराठी शब्दांची वेगळीच गंमत होते. बऱ्याच कॅरलची चाल मात्रेच्या आधी, उचलून सुरू होते. आपल्या शब्दाचं वजन पहिल्याच अक्षरावर. त्यामुळे मंडळी ते उचललेलं अक्षर गिळते किंवा त्यावरच सम समजून आपटते. यावर उपाय शिकवण्याचा नाही, श्वासाचा आहे. शेवटची ओळ सुरुवातीचा इशारा म्हणून वाजवा, शेवटचा सूर पूर्ण धरा, मग हात उचला आणि स्वतः तोंडाने श्वास घ्या, दिसेल असा. पुढच्या बाकावरच्या मावशा तुमच्याबरोबर श्वास घेतात आणि बाकी चर्च त्यांच्याबरोबर. प्रत्येक कडव्याच्या मध्ये हाच श्वास, तेवढाच लांब. एकदा छोटा, एकदा मोठा झाला की लोक बिथरतात. आणि मंडळी मागे रेंगाळली तर तिच्यासाठी थांबू नका. तुम्ही थांबलात की ती आणखी थांबते, पाचव्या कडव्यापर्यंत अंत्ययात्रा होते.

गिटारवाली पोरं हा आणखी एक मुद्दा. जुन्या पायपेटीचा सूर आजच्या ठरलेल्या मापाला (४४० हर्ट्झ) जुळेलच असं नाही. आमची किंचित चढी आहे. पोरं फोनवरच्या ट्यूनरने गिटार लावून येतात आणि मग एकत्र वाजवलं की दात शिवशिवतात. पेटीचा सूर बदलत नाही, गिटारचा बदलतो. पोरांना हे पटवायला मला एक तालीम आणि दीड किलो शंकरपाळी लागली. कीबोर्ड असेल तर उलटं करा, कीबोर्डचा सूर बारीक सरकवता येतो.

गावातल्या बाकी वाजवणाऱ्यांशी ओळख वाढवा, ती फार उपयोगी पडते. कॅथलिक चर्चमधल्या व्हायोलिनवाल्यांना चोवीसला त्यांची मिस्सा असते, पण कॅरलच्या संध्याकाळी ते आनंदाने येतात, आणि तुम्हीही त्यांच्याकडे जा. त्यांच्याकडे आगमनकाळात ऑर्गन हात राखून वाजवतात, नाताळच्या रात्री ग्लोरिया या स्तुतिगीताला सगळं खुलं सोडतात. तो फरक एकदा ऐकाच, मग चारही रविवार सगळ्या खुंट्या ओढून वाजवायची खोड जाईल. ट्रम्पेट हवा असेल तर बँडवाल्यांना दिवाळीतच तारीख सांगा, लग्नसराईत ते हाती लागत नाहीत. ध्वनिवर्धकाला रात्री १० नंतर मोकळ्या जागेत बंदी असते, म्हणून मांडवात उपासना असेल तर वेळ आणि परवानगी पाळकसाहेबांना आधीच विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या एका मंडळीला ऐन कॅरलच्या मध्ये माइक बंद करावा लागला होता. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळख पेटी दुरुस्त करणाऱ्याची. आमचे दुरुस्तीवाले नाट्यसंगीताच्या मैफलींचे ऑर्गन सांभाळतात. ख्रिस्ती नाहीत, पण नाताळच्या आधी एक चक्कर त्यांची ठरलेली. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, नोव्हेंबरात वाळलं की पुन्हा सैल होतात. म्हणून तपासणी दिवाळीनंतर करायची, आधी नाही. भात्याच्या कापडाला उंदीर लागतो, त्याच्यासाठी आत डांबराच्या गोळ्या.

पैशाचंही सांगते. मंडळीकडून नाताळला एक पाकीट मिळतं, त्यात येण्याजाण्याचं रिक्षाभाडं सुटतं. पैसे लग्नांत आहेत. यावर पोट भरायचं असेल तर पियानोच्या शिकवण्या घ्याव्या लागतात, मी तेच करते.

आता ती रात्र, जी मी प्रत्येक नवख्याला सांगते. सात-आठ वर्षांपूर्वीची. चोवीस तारीख, चर्च गच्च भरलेलं, बाहेर थंडी. मी पहिल्या गीताची शेवटची ओळ वाजवली, हात उचलला, आणि एक सूर तसाच राहिला. डाव्या बाजूची पांढरी एक. पट्टी वर होती, तरी आत सूर चालूच. पट्टी दोनदा आपटली, नखाने उचलून बघितली, काही नाही. भाता थांबवला तर तो थांबे, पण भाता थांबवून वाजवणार काय? आमच्या पेटीत खुंट्या डाव्या-उजव्या अर्ध्यांच्या वेगळ्या आहेत. डावीकडच्या बंद केल्या असत्या तर सूर गेला असता, पण डावा हातही मुका झाला असता आणि एवढ्या गर्दीला नुसत्या उजव्या हाताने धरणं अशक्य. मी तबलजीकाकांकडे बघितलं. त्यांनी तबल्यावर एक थाप मारली, टण्ण. पांढरी एक. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सूर अडकलाय ना, अडकू दे. पांढरी चारमध्ये तो पंचम आहे, तानपुऱ्याची तार लागल्यासारखा राहील. पुढची सहाच्या सहा गीतं मी पांढरी चारमध्ये उतरवून किंवा चढवून वाजवली. मध्यमाच्या कॉर्डवर तो सूर खटकायचा, तिथे मी कॉर्ड कमी करून नुसती चाल धरली. भजनाला तर तो इतका छान लागला की एका आजींनी नंतर विचारलं, ‘आज तंबोरा कुणी आणला होता?’

ही हुशारी नव्हती. आठ आठवडे त्याच गीतांना वेगवेगळ्या सुरांत वाजवून बघितलं होतं, म्हणून बोटं गेली. तुम्हीही प्रत्येक नाताळगीत निदान तीन सुरांत वाजवून ठेवा, पांढरी चारमध्ये नक्की.

सव्वीस तारखेला दुरुस्तीवाले आले. मागची फळी काढली, चिमटा आत घातला आणि तळहातावर ठेवून मला दाखवलं: थर्मोकोलचा एक पांढरा मणी, ज्वारीच्या दाण्याएवढा. आमची पेटी हवा आत ओढते. शेजारी मुलांनी गव्हाण, म्हणजे ख्रिस्तजन्माचा देखावा, मांडली होती, छपरावर थर्मोकोलचा बर्फ भुरभुरवला होता, आणि त्यातला एक कण सुराच्या झडपेखाली जाऊन बसला होता. तेव्हापासून गव्हाण दाराच्या बाजूला मांडतात. बर्फ कापसाचा असतो, आणि तोही पेटीपासून दहा हात लांब.