फँटसी लिहिताय, वाचताय, परीक्षण करताय? या चुका टाळा

वास्तववादी कथेत अचानक पाऊस आला तर वाचक कारण विचारत नाही. फँटसीत राक्षस उडाला, की तो लगेच विचारतो: मग काल का नाही उडाला? 'फँटसीत काहीही चालतं' असं धरून चालणारा लेखक इथेच वाचक गमावतो. अद्भुताला नियम जास्त लागतात.

जादूला मर्यादा न घालणे

नवोदितांची हस्तलिखितं वाचताना सर्वांत जास्त भेटते ती हीच चूक. नायक कोंडीत सापडतो, तळहातातून निळा प्रकाश निघतो, संकट टळतं. त्यानंतर वाचकाला कशाचीच धास्ती उरत नाही.

यावरचा धडा वेताळपंचविशीत आहे. राजा बोलला, की वेताळ पुन्हा झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प बसला, तर डोक्याची शकलं. एवढ्या दोन अटींवर सगळा डोलारा उभा आहे, आणि राजाची हुशारी हीच त्याची अडचण होऊन बसते. सुटका कशी होते ते नीट बघा. सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात शेवटचं कोडं असं: एका बापाने एका परक्या मुलीशी लग्न केलं, त्याच्या मुलाने त्या मुलीच्या आईशी, मग त्यांच्या मुलांचं आपसात नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो खरोखरच गप्प राहतो. एकही अट न मोडता वाट निघते. मला तर कथारचनेतला हा फार मोठा पराक्रम वाटतो.

तुमच्या जादूचे नियम दोन वाक्यांत लिहून बघा. जमत नसेल, तर ते अजून ठरलेले नाहीत. मग प्रत्येक प्रसंगाला विचारा: ही शक्ती वापरून नायकाने काय गमावलं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर तो प्रसंग पुन्हा लिहा.

पहिल्याच प्रकरणात सगळं जग सांगून टाकणे

नकाशा, वंशावळ, तीन युद्धं, पाच देव. हे सगळं वहीत असू द्या. बाजारातला दुकानदार राजाचं नवं नाणं दाताखाली धरून पाहतो, एवढ्यानेही राज्याची हालत कळते. आणि ओक वृक्ष, हिमवादळं उसनी आणण्याआधी आपल्या देवराया, मुंजा, आसरा, गावाचा राखणदार यांच्याकडे एकदा बघा.

परीक्षणात चुकीची फूटपट्टी लावणे

इंग्रज लेखक टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या फँटसी कादंबरीवर 1956 मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी 'द नेशन' या नियतकालिकात सडकून टीका केली. हे हाताबाहेर गेलेलं बालवाङ्मय आहे, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी कवी ऑडेन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्याच कृतीची मनापासून भलावण केली, कारण त्यांनी ती शोधयात्रेची वीरकथा म्हणून वाचली. कठोर लिहायला माझी हरकत नाही. विल्सन यांचे भाषेवरचे आक्षेप तपासण्यासारखे आहेतच. पण पुस्तकाने वाचकाशी कोणता करार केला आणि तो पाळला का, हे आधी सांगा. कथानकाचा गोषवारा म्हणजे परीक्षण नव्हे.

दुसऱ्या भागात पहिल्याचा नियम मोडणे

टॉल्किनच्याच 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकाच्या 1937 च्या आवृत्तीत गॉलम हा गुहेत राहणारा प्राणी कोड्यांच्या पैजेत हरल्यावर आपली जादूची अंगठी देऊन टाकायलाही तयार असतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुढच्या कादंबरीत याच अंगठीचा धारकाच्या मनावर बसणारा विळखा याच्याशी जुळेना, तेव्हा टॉल्किनने ते प्रकरण बदललं आणि 1951 मध्ये सुधारित आवृत्ती आली. छापलेलं पुस्तकही दुरुस्त करण्याइतकी ही निष्ठा होती. तुमचा तर अजून कच्चा खर्डाच आहे. मागे जाऊन बिनदिक्कत बदला.

वाचताना प्रत्येक राक्षसामागे कोणीतरी शोधणे

हा राक्षस म्हणजे अमुक पुढारी, ती तलवार म्हणजे अणुबॉम्ब, असं जुळवत बसलं की समोरची गोष्ट निसटते. पहिलं वाचन निव्वळ गोष्टीसाठी करा. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घ्या आणि शेवटी कामी आलेला नियम लेखकाने पहिल्यांदा कुठे पेरला होता, तिथे खूण करा.