गोव्यात लिफ्ट मागायची तर अंगठा खिशातच ठेवा

मी डिचोलीची. नोकरी पणजीत, गाडी नाही आणि घ्यायचा विचारही नाही. त्यामुळे लिफ्ट मागण्याचा माझा अनुभव बराच जुना आहे. 'गोवा स्वस्तात' म्हणून जे सल्ले फिरत असतात ते वाचले की मात्र डोकं फिरतं. हमरस्त्याच्या कडेला अंगठा वर करून उभे राहा म्हणे! राहा की. स्कूटरवाला तुम्हाला उलट अंगठा दाखवून, हसून निघून जाईल. त्याला वाटतं, तुम्ही खुशाली कळवताय.

बस असेल तिथे बसनेच जा. पणजी–म्हापसा, पणजी–मडगाव या मार्गांवर लिफ्ट मागणं म्हणजे वेळेची नासाडी. लिफ्ट हवी ती बस सोडून देते तिथून पुढच्या आठ-दहा किलोमीटरसाठी.

सामानात एकच गोष्ट महत्त्वाची: स्वतःचं हेल्मेट. गोव्यात लिफ्ट मिळते ती बहुतेक वेळा दुचाकीवर, आणि कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. थांबायची इच्छा असूनही चलनाच्या धाकाने लोक पुढे निघून जातात. हातात हेल्मेट दिसलं की ती अडचण संपते, शिवाय तुम्ही कशासाठी उभे आहात हेही न बोलता कळतं. पाठीवरची सॅक लहान ठेवा, स्कूटरच्या पायाशी मावेल एवढी.

आता उभं कुठे राहायचं. इथेच मी पहिली दोन वर्षं चुकत होते.

तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ बघायला पहिल्यांदा निघाले तेव्हा फोंड्याहून बसने मोलेपर्यंत गेले आणि हमरस्त्यावरच फाट्याच्या अलीकडे ठाण मांडलं. तो रस्ता अनमोड घाटातून बेळगावला जातो. ट्रक, टँकर, पर्यटकांच्या गाड्या, सगळे वेगात. तासभर हात हलवला, अंगभर धूळ खाल्ली, एकही थांबला नाही. शेवटी चहाच्या गाड्यावरच्या काकांना दया आली. म्हणाले, "बाये, बेळगावला जायचंय की देवळात? मग आत जाऊन उभी राहा ना!" फाट्यावरून आत शंभर पावलं चालले. तिसऱ्या स्कूटरने घेतलं.

हमरस्त्यावरचा माणूस कुठे चाललाय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि वेगात असताना थांबायचं की नाही हे ठरवायला त्याला वेळही मिळत नाही. फाट्याच्या आत वळलेला माणूस तुमच्याच दिशेला चाललेला असतो आणि वळणामुळे गाडीचा वेगही उतरलेला असतो. म्हणून तिठ्याच्या पुढे उभे राहा, अलीकडे नाही. गतिरोधक असेल तर तोही ओलांडून दहा-पंधरा पावलं पुढे, गाडी बाजूला घ्यायला जागा असेल अशा ठिकाणी. वळणावर नको, उतारावर तर मुळीच नको. तळहात खाली करून सावकाश हलवा, गॉगल काढा, फोन खिशात टाका. आणि पायलटांच्या, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्यांच्या, स्टँडसमोर उभं राहू नका. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर त्यांचं पोट आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत फुकट जायचं हे बरं दिसत नाही.

याहून चांगली जागा एकच, फेरीबोट. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणाऱ्या फेरीत चढा. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. गाड्या बंद, माणसं कठड्याला टेकलेली, मांडवी ओलांडेपर्यंत कुणालाच कुठे पळता येत नाही! समोरासमोर विचारता येतं, माणूस पारखता येतो, त्यालाही तुम्हाला पारखता येतं. फक्त फेरी सुटल्या सुटल्या विचारा. पलीकडचा धक्का जवळ आला की सगळे किक मारायच्या घाईत असतात, तेव्हा तुमचं कोण ऐकणार? "खंय वता?" (कुठे चाललात?) एवढी कोंकणी पुरते, पुढचं मराठीत चालतं. चोडणहून मये आणि डिचोली मी अशीच गाठते. केरी–तेरेखोल फेरीतही हेच करा, पलीकडे रेडी-शिरोड्याकडे जाणारे भेटतात.

नंबरप्लेट बघायची सवय लावा. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, तिला हात करा. पिवळी पाटी म्हणजे भाड्याची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली तर ती पर्यटकाने भाड्याने घेतलेली, त्याला स्वतःलाच रस्ता ठाऊक नसतो. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. तिच्यावर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी, पिवळी म्हणजे भाड्याची. खासगी गाडीवाल्याला पैसे देऊ करू नका. भाडं घेऊन माणसं नेण्याचा परवाना त्याच्याकडे नसतो, नसती भानगड त्याच्याच गळ्यात पडायची.

मी शक्यतो बाईच्या स्कूटरलाच हात करते. गोव्यात दर गावात स्कूटरवरून कामाला जाणाऱ्या बायका आहेत, आणि बायकांनी बायकांना विचारायला संकोच कसला? पाटीचा नंबर घरी पाठवते, तोही लपूनछपून नाही, समोरच. कुणाला राग आला तर ती लिफ्ट घ्यायचीच नाही. दारूचा वास आला तर "इथेच थोडं काम आहे" म्हणून मोकळं व्हायचं. स्कूटरवर तिसरं बसायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

परतीचा विचार जाण्याआधी करा. तांबडी सुर्लला रस्ता देवळापाशी संपतो, तिथून पुढे कुणी कुठे जात नाही. तिथे रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा गाड्या लावतात तिथे जा आणि निघायच्या तयारीत असलेल्या कुटुंबाला विचारा. चारच्या आत. आतल्या गावांतल्या खासगी बसगाड्या संध्याकाळी लवकर आटपतात. अंधार पडल्यावर मी लिफ्ट मागत नाही. तेव्हा पायलट शोधते, भाडं आधी ठरवते.

उतरताना आधी हुकला अडकवलेली पिशवी हातात घ्या, मग पाय टेकवा, मग "देव बरें करूं" म्हणा. मी एकदा हा क्रम उलटा केला आणि माझा डबा, छत्री नि ऑफिसच्या चाव्या मयेला जाऊन राहिल्या.