जुनी सागवानी खुर्ची : पॉलिश राहू द्या, आधी सांधे बघा

हाताने घडवलेली जुनी सागवानी खुर्ची, म्हणजे ती हातांची टोकं गुळगुळीत गोल असलेली, पाठ वाकवलेली, कुठेही धारदार कोपरा नसलेली, अशी घरात असेल तर पॉलिशवाल्याला लगेच फोन करू नका. तो मशीन घेऊन येतो आणि तासाभरात सगळी गोलाई सपाट करून जातो, आणि असल्या खुर्चीत गोलाई सोडून दुसरं असतं काय?

ही स्टाईल डेन्मार्कचे फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर, फिन यूल यांनी गाजवली. वेग्नरची गोल खुर्ची १९४९ची, आधी पाठीचे जोड झाकायला वर वेत गुंडाळायचे, मग त्याने सांधाच नागमोडी केला आणि उघडा ठेवला. आपल्याकडेही जपानी वंशाचे अमेरिकन फर्निचरकार जॉर्ज नाकाशिमा १९६४ला अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत, येऊन फर्निचर करून गेले. सांगायचं कारण, यात सांधा हाच दागिना आहे, तो पुट्टीने बुजवायचा नाही.

तर आधी खुर्ची उलटी करा आणि एकेक पाय हलवून बघा. खाली पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर किडा आहे, मग बाकी सगळं थांबवून आधी त्याचं औषध. सांधा हलत असेल तर खिळा मारायचा नाही, म्हणजे नाहीच! आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत खिळा गंजतो, लाकडाला काळा डाग पडतो आणि वर सांधा फुटतो तो वेगळाच. जुन्या खुर्चीत बहुतेक सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद, असतो, गरम पाण्याचं फडकं लावून ठेवलं की सुटतो. जुना सरस खरवडून काढा कारण त्याच्यावर फेविकॉल नीट धरत नाही, आणि साग तेलकट असतो म्हणून नवा गोंद लावायच्या जरा आधी स्पिरिटने पुसून घ्या. मग दोरी गुंडाळून काठीने पीळ द्या किंवा क्लॅम्प लावा आणि रात्रभर हात लावू नका. हे काम दिवाळीनंतर काढा. पावसात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा घट्ट वाटणारा सांधा एप्रिलमध्ये परत डुगडुगतो. सुकवायला खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात ठेवाल तर तडे जातील, पडवीत सावलीतच ठेवा.

आता पॉलिश. खाली न दिसणाऱ्या जागी कापसावर स्पिरिट घेऊन चोळा, चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. त्यावर पांढरे ढग आले असतील तर ते ओलाव्याचे असतात, स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला तरी बरेचदा जातात. स्पिरिटने काहीच झालं नाही आणि लाकूड कोरडं, भुकेलं दिसतंय तर बहुधा पॉलिशऐवजी तेल दिलेलं आहे. पॉलिश पेपर २४०चा, मग ३२०चा, हातानेच, रेषांच्या दिशेने, आणि गोलाईवर पेपर तळहातात धरून. जुने मेस्त्री काचेच्या तुकड्याने खरवडायचे तेही चालतं, सवय असेल तर.

तेल म्हणजे हार्डवेअरवाल्याकडचं डबल बॉइल्ड लिन्सीड, जवसाचं तेल. खोबरेल लावू नका, आपल्याकडे सगळ्यांना तोच मोह होतो, पण ते सुकतच नाही, धूळ धरतं आणि खवट वास मारतं. काजूच्या टरफलाचं काळं तेल होड्यांसाठी ठीक, इथे नको, लाकूड काळं होईल आणि कातडी भाजेल ती वेगळी. एकदम पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी परत. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात, पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा.

बैठक वेताची असेल आणि सैल झाली असेल तर खालून ओल्या फडक्याने भिजवून सुकू द्या, वेत आपोआप ताणतो. तुटलेला असेल तर मात्र विणणाराच शोधा. आणि जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात ती ओल सोडते, मध्ये वीतभर जागा ठेवा.