गोळ्या मोजायला लाजू नका

‘काका, डोडा चलता है क्या?’ म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा घेता का? इंदूरच्या पेन क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी शिकायला हवा होता तो हा प्रश्न मी सगळ्यात उशिरा शिकले. ॲनेस्थेशियात एमडी करताना मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून काढलेल्या वेदनाशामकाचं गणित तोंडपाठ झालं होतं. पण आपल्याकडे मंदसौर, नीमच, रतलामकडून माणसं येतात. तिथल्या शेतकऱ्यांकडे अफू पिकवायचे सरकारी पट्टे (परवाने) असतात, आणि नीमचला तर अफूतून मॉर्फिन, कोडीन काढायचा सरकारी कारखानाच आहे. त्या भागातला एखादा म्हातारा वर्षानुवर्षं डोडाचुरा पीत आला असेल तर नेहमीच्या पहिल्या डोसने त्याला काहीच होत नाही, आणि आपल्याला वाटतं, नाटक करतोय. घरच्यांना चहाला पाठवा आणि मग विचारा. सुनेसमोर कोणी कबूल करत नाही.

रामबागेतल्या मराठी घरांत अडचण नेमकी उलटी. एका काकूंचा कर्करोग मणक्यात उतरला होता. रात्र रात्र बसून काढायच्या, पण मुलगा म्हणाला, ‘ताई, आईला अफूची सवय नाही लावायची.’ त्याला मी तीन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. तुम्हा ज्युनियर डॉक्टरांनाही त्या रोज सांगाव्या लागतील. काही दिवसांनी तेवढाच डोस पुरेनासा होतो, ही औषध अंगवळणी पडण्याची गोष्ट. एकदम बंद केलं तर शरीर बंड करतं, ते अवलंबन. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक सोडल्या तरी त्रास होतोच. आणि नुकसान समोर दिसत असून माणूस औषधामागे धावत राहतो, ते व्यसन. पहिल्या दोन गोष्टी बरेच दिवस औषध घेणाऱ्या कोणालाही होऊ शकतात. त्यांना व्यसन म्हणायचं नाही.

काकूंना दर 4 तासांनी 5 मिलिग्रॅम मॉर्फिन तोंडाने सुरू केलं, आणि त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध. मळमळ बहुतेकांची आठवड्याभरात जाते, बद्धकोष्ठ मात्र मुक्कामाला येतं. ज्युनियर हे विसरतात आणि मग रुग्ण मॉर्फिन सोडतो ते पोटासाठी, दुखणं बरं झालं म्हणून नव्हे. तिसऱ्या रात्री काकू झोपल्या. मुलाने सकाळी सातला फोन केला. आवाजावरून मला वाटलं, काही वाईट झालं. ‘अजून उठली नाही, उठवू का?’

आता माझी चूक सांगते. एक निवृत्त मास्तर, जुनी कंबरदुखी, कर्करोग वगैरे काही नाही. ट्रामाडॉल, हेही मॉर्फिनच्याच जातीचं पण सौम्य औषध, 50 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिलं आणि आठ महिने रिपीट लिहीत राहिले. दर वेळी विचारायचे, दहापैकी किती दुखतं? उत्तर ठरलेलं: सात. मग डोस वाढव. असं करत दिवसाच्या 400 मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपर्यंत आले. गोळ्या चार-चार दिवस आधी संपायला लागल्या. ‘मुलीकडे देवासला राहिल्या.’ मी मान डोलावली, मास्तरांना खोटं कसं म्हणायचं! एकदा पिशवीतून चष्मा काढताना अल्प्राझोलामची स्ट्रिप पडली. झोपेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. ही दोन्ही औषधं मिळून श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो.

मी घाबरले आणि त्याच दिवशी ट्रामाडॉल बंद केलं. वर दहा मिनिटं व्याख्यानही दिलं. तिसऱ्या दिवशी सूनबाई त्यांना रिक्षाने घेऊन आल्या: जांभया, गळणारं नाक, जुलाब, अंगावर काटा, आणि कंबर पूर्वीपेक्षा जास्त धरलेली. ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिन-ट्रामाडॉलच्या जातीची औषधं, असं अचानक तोडू नका, हा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचा, एफडीएचा, 2019 चा इशारा मी वाचलेला होता. भीतीच्या पोटी वाचलेलं सगळं विसरायला होतं.

ट्रामाडॉल पुन्हा सुरू केलं आणि दर तीन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करत गेलो. अल्प्राझोलाम मानसोपचारतज्ज्ञांनी वेगळं, हळूहळू उतरवलं. तेही एकदम थांबवलं तर झटके येऊ शकतात. सगळं मिळून वर्ष गेलं.

2018 मध्ये अमेरिकेत 240 जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला: जुनी पाठदुखी, किंवा खुबा-गुडघ्याची झीज. वर्षाअखेर हिंडणं-फिरणं पाहिलं तर ओपिऑइडवाले इतर औषधांवाल्यांपेक्षा सरस नव्हते, दुष्परिणाम मात्र त्यांनाच जास्त. म्हणून अशा दुखण्यात माझा हात आता आधी व्यायामाच्या कागदाकडे जातो, आणि ट्रामाडॉल लिहिलंच तर थांबवायची तारीख त्याच दिवशी ठरवते. दहापैकी किती, हे अजून विचारते, पण वजन देते ते दुसऱ्या उत्तरांना. राजवाड्यापर्यंत चालत जाता का? मांडी घालून जेवता का? डोस वाढवूनही ही उत्तरं हलत नसतील तर ते औषध काम करत नाही.

आणि गोळ्या मोजा. दर भेटीत उरलेल्या स्ट्रिपा टेबलावर घ्या. पहिल्यांदा फार ओशाळल्यासारखं होतं. मी सांगते, इथे सगळ्यांच्या मोजतात, माझ्या सासूबाईंच्याही मोजल्या (खरंच मोजल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत). दारू, पूर्वीचं व्यसन, घरातलं कोणाचं व्यसन, दुसरीकडची औषधं हेही सगळ्यांनाच विचारायचं, चेहरा बघून नाही.

कागदांना घाबरू नका. ट्रामाडॉल 2018 पासून अंमली पदार्थांच्या कायद्यात आहे, म्हणून केमिस्ट नीट चिठ्ठी मागतो. ते बरंच आहे. मॉर्फिनसाठी पूर्वी अनेक परवाने लागत. 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरते. रजिस्टर मात्र रोजचं रोज लिहा.

काकू पाच महिन्यांनी गेल्या. तेरावं झाल्यावर मुलगा आला, खिशातून रुमालात बांधलेल्या गोळ्या काढल्या. ‘ताई, मोजून घ्या. अकरा आहेत.’ अकराच होत्या. मी रजिस्टर उघडलं.