स्पॅनिशमध्ये ‘कधीपासून’ सांगताना

लातूरच्या बसस्थानकावर आपण सहज म्हणतो, ‘दोन तासांपासून वाट बघायलोय.’ हे ‘बघायलोय’ स्पॅनिशमध्ये नेमकं बसतं: ‘येवो दोस ओरास एस्पेरान्दो’. ‘येवार’ क्रियापदाचं वर्तमानरूप, मग कालावधी, मग ‘-आन्दो’ किंवा ‘-इएन्दो’ लावलेली क्रिया. मध्ये ‘पासून’साठी वेगळा शब्द लागत नाही.

मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, ‘तीन वर्षांपासून’ आणि ‘2021पासून’. स्पॅनिश इथे फोड करते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ठरावीक क्षण असेल तर ‘देस्दे’: ‘विवो एन लातूर देस्दे 2021’. कालावधी असेल तर ‘देस्दे आसे’: ‘विवो एन लातूर देस्दे आसे त्रेस आन्योस’. नुसतं ‘देस्दे त्रेस आन्योस’ चूक. तोच अर्थ ‘आसे त्रेस आन्योस के विवो एन लातूर’ असाही सांगता येतो. क्रियापद मराठीसारखंच वर्तमानकाळी, ‘राहतो’. इंग्रजीतून विचार केला की उगाच पूर्ण वर्तमानकाळाकडे हात जातो.

पण ‘विवी एन लातूर आसे त्रेस आन्योस’ म्हटलंत, तर अर्थ ‘तीन वर्षांपूर्वी राहिलो’. क्रियापद भूतकाळी झालं की ‘आसे’ म्हणजे ‘पूर्वी’.

नकारासाठी ‘सिन’ आणि मूळ क्रियापद: ‘येवो दोस दिआस सिन दोर्मिर’, दोन दिवस झोप नाही. भूतकाळात ‘येवाबा’ म्हणा, ‘येवे’ नाही. ‘येवो एस्तान्दो’ही नको, ‘येवो उना ओरा आकी’, तासभर इथंच आहे, एवढं पुरतं.