जुना व्हीबी प्रोग्रॅम, नवा सर्व्हर: ड्रायव्हर कसा निवडावा

भोसरी-चाकणच्या कितीतरी कारखान्यांत चलन आणि गेटपास अजून व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा, व्हिज्युअल बेसिक) च्या प्रोग्रॅमवर निघतात. ते फेकून द्या असं मी कुणालाच सांगत नाही. वर्षानुवर्षं हिशेब बरोबर देणारा प्रोग्रॅम ही कारखान्याची मालमत्ता आहे. डेटाबेसचा सर्व्हर बदलताना फक्त मधला ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा, नीट निवडा.

आधी कोण कशातून जोडलंय ते पाहा. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस; त्याच्या सेशन्सच्या व्ह्यूमध्ये (sys.dm_exec_sessions) मशीन, प्रोग्रॅम आणि जोडणी ओएलई डीबीची की ओडीबीसीची (जोडण्याच्या दोन पद्धती), सगळं दिसतं. महिनाअखेर धरून पाहा. पगाराचा प्रोग्रॅम एरवी उघडतच नाही.

कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या जोडणीच्या ओळीत, 'प्रोव्हायडर' असेल तर मायक्रोसॉफ्टचा सध्याचा ओएलई डीबी ड्रायव्हर घ्या. डीएसएन (विंडोजमध्ये नावाने साठवलेली ओडीबीसी जोडणी) असेल तर ओडीबीसी १७ किंवा १८. नेटिव्ह क्लायंट हा जुना ड्रायव्हर नव्याने टाकू नका, तो एसक्यूएल सर्व्हर २०२२ मधून काढलाय. 'ओएलई डीबी संपलं, सगळं ओडीबीसीवर न्या' हा सल्ला २०११ चा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये तो निर्णय फिरवला आणि २०१८ मध्ये नवा ड्रायव्हर दिला. चालणारा कोड त्यासाठी उकरू नका. एडीओ (व्हीबीतून डेटाबेस वापरण्याची लायब्ररी) वापरत असाल तर स्ट्रिंगमध्ये डेटाटाइप कम्पॅटिबिलिटी ८० ठेवा, म्हणजे नवे डेटाटाइप एडीओला झेपतील अशा रूपात येतात.

व्हीबी ६ कायम ३२ बिट. त्याचा डीएसएन ३२ बिटच्या ओडीबीसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्येच करायचा, आणि तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर विंडोजच्या SysWOW64 या फोल्डरमध्ये असतो. नावातल्या ६४ वर जाऊ नका.

ओडीबीसी १८ आणि ओएलई डीबी १९ पासून एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून पाठवणं) मुळातच चालू असतं. सर्टिफिकेटची एरर आली की लोक 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' लावून मोकळे होतात. त्याने माहिती एन्क्रिप्ट होते, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे का हे कुणी तपासत नाही. सर्व्हरला रीतसर सर्टिफिकेट द्या, क्लायंट मशीनवर त्याचं रूट (ते देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट) बसवा.

आता मराठी नावं. इथे सर्वात जास्त वेळ द्या. जुन्या डेटाबेसात ती बहुधा सी-डॅकच्या आयएसएम किंवा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, साध्या व्हारकॅर (युनिकोड नसलेल्या मजकुराच्या) कॉलममध्ये असतात. सर्व्हरच्या लेखी ती इंग्रजी कोडपेजची (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर, या तक्त्याची) चिन्हं. फॉन्ट लावला की मराठी. दोन्हीकडचं कोडपेज वेगळं निघालं तर ड्रायव्हर ती चिन्हं बदलू पाहतो आणि कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर अशा नावांची मोडतोड होते. म्हणून नव्या डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे कोडपेज ठरवणारी सेटिंग, जुन्यासारखंच ठेवा. तरीही अक्षरं बिघडली तर कनेक्शन स्ट्रिंगमधलं 'ऑटो ट्रान्सलेट' बंद करून पाहा. नुसतं स्क्रीनवर बघून समाधान मानू नका. जोडाक्षरांचं एखादं नाव प्रोग्रॅममधून उघडा, काही न बदलता सेव्ह करा, आणि आधीचे व नंतरचे बाइट्स व्हारबायनरीत (कच्च्या आकड्यांच्या रूपात) काढून ताडून पाहा. ते जुळले की मगच स्टोअरच्या एका मशीनवर नवा ड्रायव्हर चढवा. जुनी स्ट्रिंग ऑडिट होईपर्यंत जपून ठेवा.